ब्रेकला ‘चालतंय की’ चालत नाही

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या उतारावर बाबांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली जाऊन टेकलं. त्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी वॉचमनच्या केबिनपासून हातभर अंतरावर थांबली. आत बसलेल्या वॉचमनला खुर्चीतून उठायलाही वेळ मिळाला नव्हता.

गाडी आजोबांची, 1974 ची फियाट. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी आहे, पण आमच्या घरात तिला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. आणि चूक माझी होती. आठवडाभर आधी मीच तिच्या मागच्या चाकाच्या व्हील सिलिंडरमध्ये नवे रबर कप बसवून घेतले होते. दुकानदार म्हणाला होता, ‘फियाटलाच बसतं, डोळे झाकून घेऊन जा.’ मी खरंच डोळे झाकले.

सिलिंडर उघडल्यावर दिसलं की कप फुगून मऊ पडले होते. ब्रेक ऑइल नावाला ऑइल असतं; डॉट 3 हे ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव आहे. त्यात ईपीडीएम जातीचं रबर टिकतं, पण साध्या तेलाच्या सीलसाठी वापरतात ते नायट्राइल रबर फुगतं. दोन्ही काळी, दोन्ही गुळगुळीत, काउंटरवर शेजारी ठेवली तर तुम्हाला-मला फरक कळणार नाही. त्यात या गाडीला चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच सर्किट. एका चाकाशी गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक जातात. पंधरा-वीस रुपयांची वस्तू, आणि तिच्या भरवशावर बाबा उतारावरून खाली येत होते.

त्यानंतर मी तीन महिने शनिवार-रविवार शोधत फिरलो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा जुन्या पार्ट्सचा बाजार. सगळीकडे तीन उत्तरं मिळाली. पहिलं, ‘आता येत नाही.’ दुसरं, ‘दुसऱ्या गाडीचा बसवून देतो.’ तिसरं, आणि सगळ्यात आपुलकीनं दिलेलं, ‘चालतंय की!’

या ‘चालतंय की’शी माझं भांडण आहे. त्याला आपण जुगाड म्हणतो, त्याच्या रील्स बनवतो, कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये त्यावर स्लाइड्स दाखवतो. दाराच्या हँडलला जुगाड करा, सीटच्या स्प्रिंगला करा, माझी हरकत नाही. ब्रेकचं गणित मात्र तुमच्या उत्साहाकडे बघत नाही. समजा, एका चाकाच्या सिलिंडरचा बोअर पाऊण इंच आहे आणि त्याच्या समोरच्या चाकाला कुणीतरी सात-अष्टमांश इंचाचा ‘बसवून दिला’. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. पण जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्या चाकाचे शू सुमारे 36 टक्के जास्त जोरानं ड्रमवर दाबले जाणार. पावसात जोरात ब्रेक दाबलात की गाडी एका बाजूला ओढणार. दुकानात तो सिलिंडर बसला होता, बोल्टही जुळले होते. बसणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोष मेकॅनिकचा नाही. आमच्या गाडीचं काम करणाऱ्या मामांना डोळे मिटून ड्रम उघडता येतो. पण मूळ कप कुठल्या रबराचा होता, पिस्टन आणि बोअर यांच्यात किती फट चालते, हे त्यांना कुणी कधी लिहून दिलं नाही. ते माप ड्रॉइंगवर होतं आणि ड्रॉइंग कारखान्यात होतं. गाड्या बनणं थांबलं तेव्हा ही मापंही लोकांच्या हाती आली नाहीत. कारखाने बंद पडतात, यात गुन्हा नाही. पण सुरक्षेच्या भागांची मापं त्यांच्याबरोबर गायब होतात, ही आपण मुकाट्यानं मान्य केलेली गोष्ट आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या फोटोंखाली हळहळ व्यक्त केली. मीही केली. त्या हळहळीतून एकाही सिलिंडरचं माप कुणाला मिळालं नाही. सरकारलाही जुन्या गाड्यांचं प्रेम आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, शुल्क 20,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. मूळ रूप जपा म्हणता, मग ते जपायला लागणारी माहिती कुठून आणायची?

‘ही श्रीमंतांची हौस आहे’, असं माझे मित्र म्हणतात. हौस आहे, कबूल. पण या जागी शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर ठेवून बघा. किंवा तुमची इलेक्ट्रिक स्कूटर ठेवा. तिचं रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, बॅटरी, लॉक सगळं सॉफ्टवेअरच्या हातात आहे. कंपनी उद्या गुंडाळली गेली तर पन्नास वर्षं लांब राहिली, पाच वर्षांनी तुम्ही माझ्याच रांगेत उभे असाल. माझ्या हातात निदान व्हर्निअर कॅलिपर आहे. तुम्ही काय मोजणार?

आणि हे मी कुठल्या तोंडानं सांगतोय? माझी नोकरीच ही आहे. ‘अमुक व्हर्जन या तारखेपासून बंद’ अशी ईमेल आमची टीम दर काही महिन्यांनी पाठवते. पलीकडे कुणाचं काय अडकलंय, हे आम्ही विचारत नाही. तरी आमच्या धंद्यात एक बरी सवय आहे. ओपन सोर्स लायब्ररी सांभाळणारा थकून निघून गेला तरी कोड उघडा राहतो, दहा वर्षांनी कुणीही तो उचलून चालवू शकतं. लोखंड आणि रबराच्या बाबतीत एवढीही सोय का नसावी?

केंद्र सरकारनं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही आहेत. माझी मागणी त्याच चौकटीत बसणारी आणि छोटी आहे. एखाद्या मॉडेलचे पार्ट्स बनवणं कंपनीनं थांबवलं की ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांची मापं, मटेरियल आणि सहनशीलतेच्या मर्यादा तिनं जाहीर कराव्यात, आणि हे कायद्यानं बंधनकारक असावं. डिझाइनचं गुपित राहिलेलंच नसतं, कारण विकायला काही उरलेलं नसतं. माप मिळालं तर भोसरीतला कुठलाही लेथवाला आणि रबर मोल्डिंगवाला तो भाग नीट बनवून देईल, आणि त्याला पैसेही मिळतील.

आमच्या गाडीचं म्हणाल तर आम्ही जुन्याच सिलिंडरला आतून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मूळ बोअरला आणलं. एका गोदामात न वापरलेला जुना कप सापडला. तो इतका कडक झाला होता की गाडीत घालायच्या लायकीचा नव्हता, पण मापं घ्यायला पुरला. त्यावरून मोल्ड करून ईपीडीएमचे बारा कप बनवून घेतले. लागले आठ, कारण चार चाकं आणि प्रत्येक सिलिंडरला दोन. उरलेले चार मामांकडे दिले. मापांचं पान मी सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय.

बाबा आता पुन्हा गाडी काढतात. पण उताराच्या अलीकडे एकदा ब्रेक दाबून बघतात, आणि मी शेजारी बसलेला असलो तर माझ्याकडेही बघतात.