पट्ट्याचा रंग आणि रस्त्यावरचा प्रसंग

शाळा-महाविद्यालये सुरू झाली की शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, स्वसंरक्षण-वर्गांच्या जाहिराती भिंतींवर झळकू लागतात. कराटे, तायक्वांदो, ज्युदो, मुष्टियुद्ध, क्राव मागा अशी नावे, कमरेला रंगीत पट्टे बांधलेली मुले, आणि खाली थोड्या दिवसांत निर्भय होण्याचे आश्वासन. रात्रपाळीहून परतणारी परिचारिका, शेवटच्या बसने उतरणारी विद्यार्थिनी आणि तिचे आईवडील यांना त्यातून निवड करायची असते. यांतली सर्वांत परिणामकारक विद्या कोणती, हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. विद्येच्या नावाआधी तपासायला हवी ती शिकवण्याची रीत, आणि त्याहीआधी पाहायला हवे की संकट नेमके कोठून येते.

रीतीचा प्रश्न जपानमध्ये जिगोरो कानो यांनी फार पूर्वी सोडवला होता. १८८२ साली त्यांनी टोकियोत कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. जुन्या विद्येत मर्मावर आघात करणारे, सांधे निकामी करणारे अनेक डाव होते. कानो यांनी अत्यंत घातक डाव मोकळ्या लढतीतून बाजूला काढले, ठरावीक हालचालींच्या पाठांत जतन केले, आणि उरलेले डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर पूर्ण ताकदीने करण्याचा रोजचा शिरस्ता घातला. वरवर पाहता विद्या सौम्य झाली. प्रत्यक्षात ती अधिक उपयुक्त झाली. जो डाव रोज पूर्ण जोराने करता येतो तोच अंगात मुरतो. घातक म्हणून ज्याचा सरावच करता येत नाही, तो ऐन वेळी आठवत नाही. तालमीतल्या कोणत्याही वस्तादाला हे तत्त्व सहज पटेल. त्याचे शिष्य रोज अशा जोडीदाराशी झुंजतात की जो त्यांना सुखासुखी डाव टाकू देत नाही.

या कसोटीला कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध आणि त्यांच्या जवळचे काही प्रकार उतरतात. धक्का बसला तरी श्वास कसा सांभाळावा, पडल्यावर पुन्हा कसे उठावे, भीतीने अंग कापत असतानाही हातपाय कसे चालवावे, हे या सरावातून शरीराला कळते. त्यांच्या मर्यादाही उघड आहेत. कुस्तीत ठोसा चुकवायला शिकवत नाहीत. ज्युदोपटू गादीवर पडतो, रस्त्यावर डांबर असते. शिवाय एकाला जमिनीवर धरून ठेवावे तर त्याचा साथीदार मोकळाच असतो. मुष्टियोद्ध्याच्या हातांना पट्ट्या आणि मोजे असतात. उघड्या मुठीने कवटीवर प्रहार केला तर मारणाऱ्याच्याच हाताचे हाड मोडू शकते. तरीही हात धरणे, केस ओढणे, मागून कवटाळणे अशा पकडीतून निसटायचे असेल, तर वर्षभराची कुस्ती किंवा ज्युदो पाठ केलेल्या शंभर डावांहून अधिक कामी येईल.

कराटेविषयी सरसकट निर्णय देणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या काही शाखांत अंगावर खरे प्रहार घेतले जातात. पण पुष्कळ वर्गांत चित्र असे दिसते की जोडीदार मूठ पुढे करतो, तशीच ताठ ठेवून थांबतो, आणि शिकणारा त्या थांबलेल्या हातावर तीन-चार हालचाली करून दाखवतो. असा थांबून राहणारा हल्लेखोर रस्त्यावर भेटत नाही. तायक्वांदोच्या ऑलिंपिक नियमांत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही. केवळ स्पर्धेसाठी घडलेल्या खेळाडूला ठोशापासून चेहरा राखण्याची सवय लागेलच असे नाही. क्राव मागाचे मूळ १९३०च्या दशकातल्या ब्रातिस्लाव्हात आहे. ज्यू वस्तीवर चालून येणाऱ्या फॅसिस्ट टोळ्यांना तोंड देताना इमी लिख्टेनफेल्ड यांना जे अनुभव आले, त्यांतून ही पद्धती निघाली आणि पुढे इस्रायली सैन्यात तिला रूप आले. तिचे प्रयोजन खरेखुरे होते. परंतु हातातला रबरी सुरा हिसकावून घेण्याचे दोन दिवसांचे धडे म्हणजे ते प्रयोजन नव्हे. खऱ्या सुऱ्यापुढे कोणतीही विद्या हमी देऊ शकत नाही. पैशाचे पाकीट टाकून पळ काढावा, हे जो शिक्षक पहिल्याच दिवशी सांगत नाही, त्याच्या वर्गाचे शुल्क भरू नये. कोल्हापूरचा मर्दानी खेळ, लाठी-काठी, दांडपट्टा हा मोलाचा वारसा आहे आणि त्याने शरीर घडते. पण शेवटच्या बसने उतरणाऱ्या मुलीच्या हातात लाठी नसते.

पळून जाण्यात भ्याडपणा नाही, हे कायद्याच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवावे. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाचा हक्क मान्य करतात. प्राणघातक हल्ला, बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही पोचू शकतो. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कायदा देत नाही, आणि धोक्याची वाजवी भीती असेपर्यंतच हा हक्क टिकतो. पळणाऱ्या गुंडाचा पाठलाग करून त्याला बदडणारा नागरिक बचाव करत नसतो. सुटावे, ओरडावे, माणसांत जावे: चांगल्या वर्गात या तीन गोष्टींचा सरावही डावांइतकाच झाला पाहिजे.

आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न: संकट कोठून येते? भिंतीवरच्या जाहिरातीत हल्लेखोर नेहमी अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी इसम असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वेगळे सांगतात. नोंदवलेल्या बलात्कारांपैकी दहांत नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र यांच्याविरुद्ध पहिला अडथळा स्नायूंचा नसतो, संकोचाचा असतो. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा तासांचे शिक्षण दिले: ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातला धोका वेळीच ओळखणे, त्याला दुखवण्याचा संकोच टाकणे, ठाम नकार देणे, आणि मग शारीरिक प्रतिकार. दुसऱ्या गटाला माहितीपत्रके दिली. वर्षभरात पहिल्या गटात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९.८ टक्के आढळले. बारा तासांत कोणी पहिलवान होत नाही. फरक पडला तो कोणाविरुद्ध आणि केव्हा उभे राहायचे हे कळल्यामुळे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. प्रतिकाराचे शिक्षण हा हक्क आहे; तो कर्तव्य बनवला गेला की त्याचे शस्त्र पीडितेवरच उलटते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत या गोष्टीला निकालात महत्त्व दिले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात यायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले. मुलींना कराटे शिकवले होते, मग तिने मारले का नाही, असा प्रश्न उद्या एखाद्या पंचाने वा वकिलाने विचारला, तर ती त्याच जुन्या निकालाची पुनरावृत्ती ठरेल.

शरीरबळाची सीमा २०२३ साली दिल्लीत सर्वांना दिसली. ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या महिला मल्ल जंतरमंतरवर धरणे धरून बसल्या. त्यांचे आरोप कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी केलेल्या लैंगिक छळाचे होते. या स्त्रियांना डाव शिकवण्याची कोणाची पात्रता नव्हती. पण ज्याच्या हाती निवड आहे, प्रवास आहे, कारकीर्द आहे, त्याच्यापुढे डाव चालत नाही. तेथे लागते ती तक्रार ऐकणारी यंत्रणा आणि शेजारी बसणारी माणसे. मताधिकारासाठी लढणाऱ्या इंग्लंडमधल्या स्त्रियांना हे उमगले होते. पाच फूटही उंची नसलेल्या ईडिथ गॅरड यांनी त्यांना जुजुत्सू शिकवले, आणि १९१३ साली एमेलिन पँकहर्स्ट यांना पुन्हा अटक होऊ नये म्हणून त्यांतल्याच स्त्रियांचे रक्षकदल उभे राहिले. त्या एकेकट्या लढल्या नाहीत. एकत्र सराव करून एकत्र उभ्या राहिल्या.

तेव्हा कार्यकर्त्यांकडे कोणी सल्ला विचारायला आले तर एखाद्या विद्येचे नाव सांगून मोकळे होऊ नये. वर्गात जाऊन पाहावे. जोडीदार खरोखर विरोध करतो का? वजनाने कमी असलेल्या मुलीचा सराव वजनदार जोडीदाराशीही होतो का? शिक्षक पळायला शिकवतो का? ओळखीच्या माणसाविषयी बोलतो का? शुल्क मजुराच्या मुलीला परवडते का? सरकारी शाळांत मुलींसाठी तीन महिन्यांच्या आत्मरक्षा प्रशिक्षणाची योजना आहे. ती सुरुवात म्हणून चांगली, पण चौथ्या महिन्यात त्या मुलींनी कोठे जावे याचे उत्तर तीत नाही. ते उत्तर गावोगावच्या तालमींत आहे. २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तरीही अनेक तालमींचे दार मुलींना बंद आहे. ते उघडून घेणे, त्यांच्यासाठी वेळ आणि शिक्षिका मिळवणे, आणि त्याच अर्जासोबत बसथांब्यावरच्या बंद दिव्याचा अर्ज नगरपालिकेत देणे, ही दोन्ही कामे एकाच संध्याकाळी होण्यासारखी आहेत.