अंबल, आम्लपित्त आणि मनाचा ताण

कोलकाता शहरात कोणाच्या प्रकृतीची विचारपूस करावी, तो बहुधा प्रथम पोटाची हकीकत सांगतो. 'अंबल' म्हणजे आपल्याकडील आम्लपित्त, आणि 'गॅस' तर उभयपक्षी समानच. बेंगॉल केमिकल या कारखान्याचा 'अ‍ॅक्वा टायकोटिस' नावाचा ओव्याचा अर्क तेथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर ठेवलेला असे. बंगाली माणूस स्वतःच या पोटपुराणाची थट्टा करतो. तथापि थट्टेचा विषय झाला म्हणजे दुखणे खोटे ठरते असे नव्हे.

त्या कारखान्याचे संस्थापक आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचेच उदाहरण पाहावे. १८७४ साली हेअर स्कूलमध्ये शिकत असता त्यांना आमांशाचा तीव्र विकार जडला व शाळा सोडून गावी राहावे लागले. त्या काळात वडिलांच्या ग्रंथसंग्रहात त्यांनी पुष्कळ वाचन केले. पचनशक्ती मात्र जन्मभर अधू राहिली. मित आहार व सायंकाळी मैदानावर फिरणे हा क्रम त्यांनी सांभाळला, आणि ते ८२ वर्षे जगले.

मनाचा पोटाशी संबंध आहे, हे अनुभवाने सर्वांनाच ठाऊक असते. शास्त्राला त्याचा प्रत्यक्ष पुरावा एका अपघातामुळे मिळाला. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला पडलेले छिद्र बुजले नाही. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यवैद्याने त्या छिद्रातून पचनक्रिया डोळ्यांनी पाहिली. राग आला की जठराच्या अस्तराचे स्वरूप पालटते, असे त्याने १८३३ च्या ग्रंथात नोंदविले. पुढे रशियातील पावलॉव्ह यांनी दाखविले की, गिळलेले अन्न जठरात न पोचू देताही कुत्र्याचा जठररस वाहू लागतो. रुचीने खाण्याची क्रियाच त्याला पुरेशी असते. (त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या पचनविषयक संशोधनाबद्दल, घंटेची कथा लोकांना अधिक आवडते, इतकेच.) वॉल्टर कॅनन यांना क्ष-किरणांच्या साहाय्याने असे दिसले की, मांजर बिथरले की त्याच्या जठराची हालचाल थांबते. संकटसमयी शरीर रक्त व शक्ती स्नायूंकडे वळविते. पचन मागे पडते.

आता कोलकात्याच्या कारकुनाचा दिवस पाहा. सकाळी नऊच्या सुमारास घाईघाईने 'ऑफिसचा भात' घशाखाली उतरवायचा. मग सियालदा किंवा हावड्याकडे जाणाऱ्या लोकलची गर्दी. दुपारी डलहौसी परिसरातील पदपथावर उभ्याउभ्या काहीतरी खायचे. सायंकाळी मुरमुरे व तेलेभाजा म्हणजे भजी. आणि खरे जेवण रात्री दहा वाजता, लगेच निद्रा. घाईने जेवताना अन्नाबरोबर हवाही गिळली जाते. तळलेले पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. भरल्या पोटी आडवे झाले की आम्ल अन्ननलिकेत सहज चढते. मुंबईत चर्चगेटला उतरणाऱ्याने यात 'तेलेभाजा'च्या जागी 'वडापाव' घालून वाचावे. बाकी फारसा फरक पडणार नाही.

विसाव्या शतकाचा बराच काळ जठरव्रणाचे खापर वैद्यक चिंतेवर फोडीत होते. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जंतू पकडला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या रुग्णांना आयुष्यभर 'शांत राहा' असे सांगितले गेले, त्यांतील पुष्कळांना एक-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरे करता आले असते! पण यावरून ताणाचा काही संबंधच नाही असे मानणे ही दुसरी चूक होय. या जंतूचे वास्तव्य असलेल्या बहुतेकांना व्रण होत नाही; उलट व्रण नसतानाही अनेकांचे पोट वर्षानुवर्षे जळते, फुगते, दुखते. अशा दुखण्यात मेंदू व आतडी यांच्यातील तंत्रिकांचा व्यवहार बिघडलेला असतो. तपासणीत काही सापडले नाही, म्हणजे काही झालेच नाही असे होत नाही.

भाषांतर करताना 'स्ट्रेस'ला 'चिंता' असा प्रतिशब्द सुचविला जातो. मला 'ताण' अधिक योग्य वाटतो. चिंता माणसाच्या मनातली, म्हणून दोषही त्याचाच ठरतो. ताण बाहेरून पडतो, आणि तो टाकणाऱ्याला त्याबद्दल विचारता येते. दुपारी वीस मिनिटेही स्वस्थ बसून जेवू न देणाऱ्या कचेरीने आपल्या नोकरांना मनःशांतीवर व्याख्याने ऐकवावीत, हे मला हास्यास्पद वाटते. जेवणाची ठरलेली सुट्टी व बसण्यास जागा, ही आरोग्याची बाब समजली जावी. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपणे पुष्कळांना साधेल. ज्याला घरी पोचायलाच दहा वाजतात, त्याने सायंकाळी पोटभर खाऊन रात्री थोडके घ्यावे.

आम्लनाशक गोळ्यांबाबत मात्र मला अधिक धास्ती वाटते. दुकानातून आणून त्या महिनोन्‌महिने चघळल्या जातात, आणि आतले दुखणे झाकले जाते. वजन आपोआप घटू लागले, गिळताना अडथळा जाणवला, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा वांतीत रक्त दिसले, तर ना ओव्याचा अर्क, ना गोळी, ना 'टेन्शन घेऊ नका' हा उपदेश. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. पन्नाशीच्या आसपास पहिल्यानेच अपचन सुरू झालेल्यानेही ते केवळ कालच्या भज्यांवर ढकलू नये.