सपाट झाकण आणि बाबूजींची काडी

आमच्या पेढीवर तराजू, वजने आणि लिटरची शिक्के मारलेली मापे जिथे ठेवलेली असत, त्याच कोनाड्यात वेळूची एक काडी असे. तिच्यावर चाकूने सहा खाचा पाडलेल्या होत्या. बाबूजींनी १९९४ साली घेतलेल्या बुलेटच्या टाकीत ती काडी सोडायची, बाहेर काढून उजेडात धरायची, ओल कोणत्या खाचेपर्यंत चढली आहे ते पाहायचे आणि मग निफाडकडे किंवा वणीकडे वसुलीला निघायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. त्या गाडीला पेट्रोलचा काटा नव्हताच. टाकीखालच्या पितळी कॉकला मात्र दोन वाटा होत्या. एक नळी आत उंच उभी, दुसरी आखूड. उंच नळीखाली पेट्रोल गेले की गाडी आचके देऊ लागे. मग चालता चालता खाली हात घालून कॉक फिरवायचा आणि 'रिझर्व्ह'वर घर गाठायचे. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या आमच्या साऱ्या पिढीचा हिशेब या दोन नळ्यांवर चालला.

माझ्या पुतण्याला ही काडी हास्यास्पद वाटे. गेल्या उन्हाळ्यात त्याने ती बुलेट रंगवून घेतली, सीट बदलली आणि एके दिवशी जेवणाच्या पाटावर मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, हे पाहा. टाकीशी सपाट बसणारे झाकण. बोटाने दाबले की वर येते, पुन्हा दाबले की आत. आणि शेजारीच काटा, तोही सपाट."

दिसायला ते खरोखरच सुरेख होते. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांवर वाचकांनी अशी जोडी पाहिली असेल. टाकीवर दोन सारखीच चकचकीत झाकणे असतात. उजवे उघडून पेट्रोल भरायचे. डावे केवळ झाकणासारखे दिसते, त्याच्या पोटात काटा असतो. आपल्याकडे बुलेट, जावा, येझदी यांसारख्या गाड्या हौसेने सजवणाऱ्या मुलांत हीच आवड आता रुजली आहे, आणि ॲल्युमिनियममध्ये कोरलेली अशी झाकणे घरपोच येतात.

पण जुन्या टाकीला उंचवट्याचे झाकण असते, तर नव्याला टाकीत एक गोल बैठक लागते. म्हणजे टाकी कापायची, तिथे कडे वितळवून जोडायचे, काट्यासाठी तळाशी आणखी एक भोक पाडायचे. शहरातल्या एका वर्कशॉपवाल्याने पुतण्याला सांगितले होते, "टाकी रिकामी करून आणा, तासाभरात वेल्डिंग करून देतो." बाबूजी पंच्याऐंशीच्या घरातले, जेवताना ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र ताट सरकवून म्हणाले, "त्या टाकीला विस्तव लागणार नाही."

पुतण्याला वाटले, आजोबांचा जीव जुन्या वस्तूत अडकला आहे. तसे ते असेलही. परंतु त्यांच्या म्हणण्यात निखळ व्यवहारज्ञान होते. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक घातक असते, कारण जळते ते द्रव पेट्रोल नसून हवेत मिसळलेली त्याची वाफ असते. टाकी उपडी करून थेंब थेंब झटकला तरी पत्र्याच्या सांध्यांत आणि गंजात ती वाफ दडून राहते. एक ठिणगी, आणि पत्र्याचा बॉम्ब होतो. जाणते कारागीर टाकी अनेकदा धुतात, वाफ घालवतात, पाण्याने भरून केवळ कामाची जागा मोकळी ठेवतात आणि तरीही बिचकत काम करतात. तासाभरात करून देणाऱ्याकडे ती टाकी न जाणे हेच इष्ट होते.

तोड अशी निघाली की, जिने पेट्रोल कधी पाहिलेलेच नाही अशी कोरी टाकी विकत घ्यायची आणि सगळी कापाकापी तिच्यावर करायची. जुनी टाकी तेलाचा हात देऊन, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली. खर्च वाढला, पण घरात शांतता नांदली, आणि तिचा दर मला कमीच वाटतो.

काट्याने पहिल्याच दिवशी गंमत केली. टाकी काठोकाठ भरली तर काटा शून्यावर, रिकामी केली तर पूर्ण. यात चमत्कार काही नाही. टाकीतला तरंगणारा गोळा एका दांड्यावर वरखाली होतो आणि त्या दांड्याच्या हालचालीने विजेच्या वाटेतला रोध कमीजास्त होतो. काटा तो रोध मोजतो, पेट्रोल नव्हे. काही उत्पादकांच्या मांडणीत भरल्या टाकीला रोध कमी असतो, काहींच्या मांडणीत जास्त. गोळा एका दुकानाचा आणि काटा दुसऱ्याचा घेतला की जमेची बाजू खर्चाला लागते. घेण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन्ही टोकांचे ओहम मोजून पाहावेत. जुन्या जावाला आणि फार जुन्या बुलेटला सहा व्होल्टची बॅटरी असे, बाजारातले काटे बहुधा बारा व्होल्टचे, तेही पाहावे. आणि काट्याच्या तारेत छोटा फ्यूज घालायला विसरू नये. पेट्रोलच्या टाकीत वीज नेतो आहोत याचे भान असले पाहिजे.

काटा बदलून झाला, गाडी झळकू लागली. खरी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. पुतण्या धाकट्या बहिणीला घेऊन नाशिकहून परतत होता. ओझर सोडून कोकणगावच्या अलीकडे, दिवेलागणीला, मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी आचके देत बंद पडली. काटा अर्ध्यावर होता, म्हणून पेट्रोल संपल्याची शंका त्याला आली नाही. प्लग पाहिला, तारा हलवल्या, किक मारून मारून दमला. शेजारून मालाने लादलेले ट्रक सुसाट जात होते. त्यांच्या वाऱ्याने गाडी स्टँडवर हलत होती, आणि मुलगी रस्त्याच्या कडेला उतारावर उभी. त्याचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात जी भीती होती ती मी विसरणार नाही.

मी टेम्पो घेऊन पोहोचलो. काय करावे ते मलाही कळेना. सवयीने टाकीचे झाकण उघडले, तर फस्स करून हवा आत गेली. पुढच्या किकला गाडी सुरू झाली.

टाकीतून पेट्रोल खाली जाते तेवढी हवा वरून आत यावी लागते. जुन्या झाकणात त्यासाठी बारीक, वळणाची वाट असते. ती बुजली की टाकीत पोकळी वाढत जाते आणि एका क्षणी पेट्रोल खाली उतरायचे थांबते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर धार तुटत तुटत येते आणि दुसरे पाडले की सरळ लागते, हे आपल्या दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. नव्या झाकणातही हवेचे छिद्र होते. बैठकीच्या कड्यात साचणारे पाणी वाहून जावे म्हणून आणखी एक छिद्र होते आणि तेथून टाकीच्या आतून तळापर्यंत जाणारी बारीक नळी होती. बसवणाऱ्याने "पावसाचे पाणी जायला नको" म्हणून दोन्ही छिद्रांत सिलिकॉन भरला होता. हेतू चांगला, आणि त्या हेतूपायी माझी दोन मुले अंधारात महामार्गावर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने हवेचे छिद्र सुईने मोकळे केले. पाण्याचे मात्र तसेच ठेवले, कारण त्याचे काम काय हे त्याला तेव्हा उमगले नव्हते. भाद्रपदात एका दुपारी गाडी उन्हात तापून आली, जोपूळ रस्त्यावर बाजार समितीपाशी थांबली आणि वरून सर कोसळली. कड्याच्या वाटीत पाणी साचले, वाहून जायला वाट नाही, झाकणाचे छिद्र पाण्याखाली गेले. तापलेली टाकी गार पाण्याने निवली की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचे जे असेल ते ओढून घेते. तिने पाणी ओढले. उंचवट्याच्या जुन्या झाकणावरून पाणी छपरावरून ओघळावे तसे निघून जाई. सपाट झाकणाला ती सोय हाताने करून द्यावी लागते.

पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते थेट तळाशी, कॉकच्या तोंडाशी जाते. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाण्याला जवळ करते. थोडे पाणी असेल तर ते सामावून घेते. मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. तो थर कार्ब्युरेटरमध्ये गेला की गाडी चालत नाही आणि टाकीत राहिला की पत्रा खातो. आमची कोरी टाकी चार महिन्यांत आतून तांबूस दिसू लागली होती.

ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. मिग आणि पुढे सुखोई तेथे घडली. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ त्या कारखान्यात होते. त्यांना हा प्रकार सांगितला तेव्हा ते हसले. झाकण सपाट करण्याची कल्पना विमानाला शोभते, म्हणाले, कारण पंखावरून वाहणाऱ्या हवेला अडथळा नको असतो. परंतु तिथेही पावसाची भीती सुटत नाही. रबरी कडी जुनी झाली की काही लहान विमानांच्या पंखांवरील सपाट झाकणांतून पाणी झिरपत असे, म्हणून त्यांच्यासाठी छत्रीसारखी उभार झाकणे निघाली. लहान विमानाचा वैमानिक उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाणी आहे का ते पाहतो. ताशी साठ किलोमीटरने जाणाऱ्या बुलेटला हवेचा कसला अडथळा, असे मी विचारणार होतो. पण पुतण्या शेजारी उभा होता.

२०२० नंतरची गाडी ज्यांच्या घरी आहे त्यांनी या वाटेला जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वर्षीच्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. या गाड्यांतील टाकीची वाफ मोकळी सोडलेली नसते. नळीने कोळशाच्या डबीत नेऊन ती पुन्हा इंजिनात वापरली जाते. तिथे उघड्या छिद्राचे हौशी झाकण लावले की ती व्यवस्थाच मोडते. बहुतेकींचा पेट्रोलपंप टाकीच्या आत असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच तो गार राहतो. कॉक नाही, राखीव नळी नाही. म्हणून काटा शून्याला टेकेपर्यंत पळवणे तिथे महागात पडते. अशा गाडीचे झाकण मी तरी बदलू देणार नाही.

आमच्या बुलेटची टाकी उतरवून धुतली, आतून लेप दिला, पाण्याचे छिद्र आणि नळी दोन्ही मोकळी केली. बसवताना तोंडात कापडाचा बोळा ठेवला, म्हणजे स्क्रू आत पडत नाही. स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले, म्हणजे रबर एका बाजूला दबत नाही. मग झाकणावर तांब्याभर पाणी ओतले आणि तळाच्या नळीतून ते बाहेर आलेले सर्वांनी पाहिले. टाकी काठोकाठ भरणेही बंद केले. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर सुमारे दोनशे मिलिलिटर फुगते. त्याला जागा हवी.

शेवटचे काम बाबूजींनी करवून घेतले. मागच्या अंगणात, मोकळ्या हवेत, गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. बाजूच्या स्टँडवर ती कलते आणि काटा खोटे बोलतो. भरल्या टाकीतून कॉकने एकेक लिटर शिक्क्याच्या मापात काढायचे, पत्र्याच्या डब्यात ओतायचे आणि दर लिटरला काटा कुठे आहे ते वहीत मांडायचे. बाबूजी खुर्चीवर, पुतण्या मापाशी, वही माझ्याकडे. टाकी खोगिरासारखी, वर रुंद आणि खाली दोन पोटांत वाटलेली. त्यामुळे काट्याची अर्धी खूण आणि पेट्रोलचा अर्धा साठा एक नसतात. तेरा लिटरपासून दहापर्यंत काटा जागचा हललाच नाही. अर्ध्यावर आला तेव्हा आत पाच लिटर उरले होते. पाव म्हणाला तेव्हा अडीच. शून्य म्हणाला तेव्हाही दीड लिटर शिल्लक निघाले.

बाबूजींनी पुतण्याकडून कोनाड्यातली काडी मागवून घेतली, चाकू घेतला, आणि नव्या टाकीच्या मापाने तिच्या दुसऱ्या बाजूला सहा खाचा पाडायला सांगितल्या.