प्रश्न विचारला म्हणजे विरोध केला का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाचा ‘गोवरमुक्त देश’ हा दर्जा गेला. १९९८ पासून तो टिकून होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झालेली गोवराची साथ वर्षभरात काही आटोक्यात आली नाही. त्याच २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये लस न घेतलेली दोन मुलं गोवराने दगावली. आमच्या भिशीत हा विषय निघाला आणि पहिलं वाक्य आलं, ‘अगं, शिकली-सवरलेली माणसं ना ती? मग असं कसं?’

हा प्रश्न मला फार बोलका वाटला. कारण आपल्याकडे असं काही घडलं की कारण आधीच ठरलेलं असतं. आई अडाणी! झालं, विषय संपला.

मुंबईत २०२२ साली हेच झालं. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीच्या रफीनगरमध्ये दोन-तीन दिवसांत तीन लहानगी गेली आणि मग साऱ्यांना गोवर आठवला. पाठोपाठ भिवंडी, मालेगावातूनही बातम्या येऊ लागल्या. सरकारने साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरवलं. टीव्हीवर चर्चा मात्र एकच, ‘हे लोक लस घेत नाहीत.’ कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचं लसीकरण किती विस्कळीत झालं होतं, दाटीवाटीच्या वस्तीत आणि कुपोषित मुलांत हा आजार किती झपाट्याने पसरतो, हे सांगायला वेळ कोणाला?

आता आपल्या घरातलं बोलू. ‘गोवर आला, अंगातली उष्णता निघून गेली’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कडुलिंबाचा पाला पसरायचा, मूल अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, आणि पुरळ नीट ‘बाहेर पडला’ की सुटकेचा श्वास सोडायचा. बहुतेक मुलं बरी होत, म्हणून भीती उरली नाही. पण गोवर इतका साधा नाही. एका रुग्णापासून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो. खोकणारं मूल खोलीतून निघून गेलं तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच ते मूल इतरांना आजार देत असतं. न्यूमोनिया, जुलाब, कधी मेंदूला सूज हे त्याचे पुढचे घाव. आणखी एक गोष्ट २०१९ मधल्या संशोधनाने दाखवून दिली. शरीराने आधीच्या आजारांशी लढून जी आठवण साठवलेली असते, तिचा बराचसा भाग गोवर पुसून टाकतो. ‘गोवर येऊन गेला आणि मग वर्षभर पोराचं काही ना काही चालूच राहिलं’ असं जुन्या बायका म्हणत, त्यात तथ्य होतं म्हणायचं!

म्हणून तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांचे दोन्ही डोस पूर्ण हवेत. केंद्राच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात पहिला डोस ९३.७ टक्के आणि दुसरा ९२.२ टक्के मुलांना मिळाला. म्हणजे कमतरता दोन-तीन टक्क्यांची. पण ही मुलं देशभर सारखी विखुरलेली नसतात, एखाद्याच वस्तीत, एखाद्याच तांड्यावर गोळा झालेली असतात. साथ नेमकी तिथेच पेटते.

ती तिथे का असतात? ऊसतोडीला जाणारी बाई बघा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून कोयता घेऊन निघते ती मार्च-एप्रिलला परत येते. बाळाचा सोळा ते चोवीस महिन्यांमधला दुसरा डोस नेमका फडात असताना यायचा. कार्ड गावाकडच्या पेटीत, बाई सांगलीत नाहीतर थेट कर्नाटकात. तिला ‘लसविरोधी’ म्हणायचं? शहरातल्या धुण्याभांड्याच्या बाईचंही तेच. लसीकरणाचा दिवस कामाचाच असतो, एक खाडा म्हणजे एका दिवसाचे पैसे गेले, आणि रात्री पोराला ताप आला तर दुसरा खाडा. त्यात सासूबाई म्हणणार, ‘मागच्या वेळी मांडी केवढी सुजली होती, नको नेऊस.’ ताप येणारच, एक-दोन दिवसांत उतरेल, हे टोचण्याआधी कोणी सांगितलं असतं तर सासूबाईंना उत्तर देता आलं असतं!

माझा मुद्दा हाच आहे. आपल्या देशात खरा नकार थोडा आणि अनुत्तरित प्रश्न जास्त. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. मोबाइलवर लगेच निरोप फिरू लागले, ‘या लसीने मुलं होत नाहीत म्हणे!’ काही पालकांनी मुलांना त्या दिवशी घरीच ठेवलं. ‘मुलग्यांना रुबेलाची लस कशाला?’ असंही पुष्कळांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं! उत्तर सोपं आहे. गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाला दोष येऊ शकतो, आणि तो आजार तिच्यापर्यंत घरातलं कुठलंही मूल आणू शकतं, मुलगाही. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवली की तिथे अफवा येऊन बसते.

दिल्लीत तर मुलांना पालकांच्या संमतीशिवाय लस द्यायचं घाटत होतं. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते नाकारलं. पालकांची संमती हवी आणि लसीचे संभाव्य त्रासही जाहिरातीत सांगा, असं बजावलं. मोहिमेला अडथळा आला म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र न्यायालय आईच्याच भाषेत बोललं असं वाटलं.

विश्वास तुटतो तो कसा, तेही पाहा. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. त्या गावातल्या आईने पुढच्या वेळी बाटलीवरचं नाव वाचून दाखवा म्हटलं तर तिला अडाणी म्हणणार का आपण?

अर्थात प्रश्नाच्या नावाखाली खोटंही खपतं. ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने १९९८ मध्ये अवघ्या बारा मुलांवरून गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवला. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. पुढे लाखो मुलांच्या पाहणीतही तसा संबंध आढळला नाही. तरी अफवा जिवंतच! कारण मूल बोलत नाही, नजरेला नजर देत नाही हे आईच्या लक्षात येतं ते लस घेण्याच्याच वयात. घाबरलेली आई दोन गोष्टींची गाठ मारते. त्या भीतीवर पुस्तकं विकणारे आणि मतं मागणारे मात्र माझ्या लेखी माफीला पात्र नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, उपकेंद्रावर गेलात की बिनधास्त विचारा. लस कोणती, कशासाठी, त्रास काय होईल, ताप आला तर औषध किती द्यायचं, पुढची तारीख कधी. आशाताईंना त्याचा राग येत नाही, आमच्याकडच्या तर उलट खूश होतात. गोवर-रुबेलाचा डोस चुकला असेल तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत तो सरकारी केंद्रात फुकट मिळतो. कार्ड हरवलं म्हणून घरी बसू नका, तसंच जा.

आणि ग्रामसभेत, प्रभागाच्या बैठकीत हात वर करून एक विचारून बघा. महिन्यातून एखादं लसीकरण संध्याकाळी किंवा रविवारी का ठेवता येऊ नये?