विहिरीचे पाणी आणि एचआयव्हीबाधित

पावसाळा आला की मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यातील विहिरी काठोकाठ भरतात आणि ग्रामपंचायतीमार्फत त्यांत टीसीएल पावडर टाकली जाते. पटकी व विषमज्वर यांच्या जंतूंवर हा उपाय उत्तम आहे. परंतु ज्यांना एचआयव्हीची बाधा झाली आहे, त्यांच्या बाबतीत एवढ्यावर निश्चिंत राहणे धोक्याचे ठरेल.

एचआयव्ही सीडी-४ पेशींचा नाश करतो. आतड्याच्या अस्तरात या पेशी विपुल असतात आणि बाधेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच तेथे त्यांची मोठी हानी होते. क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी निरोगी माणसाला आठ-पंधरा दिवस जुलाबांनी हैराण करून निघून जातो. ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्याला मात्र तो महिनोन् महिने सोडत नाही. त्याच्या बीजकोशाचे कवच क्लोरीनला दाद देत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली नळाच्या शुद्ध केलेल्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोकांना ही बाधा झाली आणि मृतांत बहुसंख्य एड्सचे रुग्ण होते.

सिंधुदुर्गाला २०१६ साली देशातील सपाटीवरील सर्वांत स्वच्छ जिल्ह्याचा मान मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि शौचालय बांधले म्हणजे प्रश्न संपला असे नव्हे. येथील जांभा दगड सच्छिद्र आहे. एकाच परसात शौचालयाचा खड्डा आणि विहीर जवळजवळ असतील, तर मुसळधार पावसात एकातील घाण दुसरीत झिरपण्यास वेळ लागत नाही.

जंताच्या गोळीवर भरवसा ठेवणेही फसवे आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना दिले जाणारे अल्बेंडाझोल मुख्यतः गोलकृमी व अंकुशकृमी यांवर गुणकारी आहे, क्रिप्टोस्पोरिडियमवर नाही. प्रतिकारशक्ती ढासळल्यावर या परजीवीला हमखास हुसकून लावणारे औषध नाही. एचआयव्हीविरोधी औषधे वेळेवर घेऊन सीडी-४ पेशी वाढविणे, हाच खरा इलाज. ही औषधे सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून पेशींची संख्या कितीही असली तरी ती सुरू करता येतात.

मग अडते कोठे? लहान गावात कोण कोठल्या दवाखान्यात गेला हे लपत नाही. भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा लोकांच्या नजरांना आवर घालू शकत नाही. मुंबईहून परतलेल्या चाकरमान्याचे महिनाभराचे जुलाब ‘पाणी बदलले’ म्हणून सोडून दिले जाण्याचा धोका मोठा आहे, आणि नेहमीच्या मलतपासणीत हा परजीवी सहसा निसटतो.

म्हणून तालुक्याच्या प्रयोगशाळेत त्याची खास तपासणी व्हावी. क्षयाच्या थुंकीतपासणीतील रंग देण्याची पद्धत थोडी बदलली आणि साधा सूक्ष्मदर्शक असला की ती होऊ शकते. खड्डे आणि विहिरी यांमधील अंतराची पाहणी ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी करावी. आणि एचआयव्हीबाधिताला औषधाच्या पुडीबरोबर एवढे आवर्जून सांगितले जावे की, पाणी खळखळ उकळूनच प्यावे. चुलीवरची ती उकळी क्लोरीनला न जमलेले काम करते. मात्र हे त्याला सांगायचे, तर त्याने दवाखान्याची पायरी निर्भयपणे चढली पाहिजे.