अकरा भागांचा संयम

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरील मालिका म्हणजे नुसते उंची पोशाख आणि वाडे, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. त्यांनी इव्हलिन वॉ यांच्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’वरील १९८१ ची ग्रॅनडा टेलिव्हिजनची मालिका पाहावी. भाग ११! (हो, अकरा.) धर्मगुरूंना आधी परतवून लावणारा लॉर्ड मार्चमेन मरणशय्येवर क्षीण हाताने क्रुसाची खूण करतो, त्या एका हालचालीला वजन येते ते मागच्या संथ भागांमुळे. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी ती भूमिका केली आहे. २००८ च्या चित्रपटात वाडा तोच, कॅसल हॉवर्ड. परंतु ज्युलियाला व्हेनिसला धाडून कथेचा प्रेमत्रिकोण केला, आणि आईची श्रद्धा म्हणजे निव्वळ जाच ठरवला. याला आम्ही रूपांतर कसे म्हणावे? वाचकहो, घरातील प्रौढांनी मालिकाच पाहावी. चित्रपट राहिला तरी चालेल.