जादू गेला, मग उरलं काय?



परवा हिंगणघाटला बहिणीकडे गेलो, तर भाचा-भाचीची चांगलीच जुंपलेली! कारण काय, तर ‘क्रिश’. भाचा म्हणतो, “मामा, ‘कोई... मिल गया’मध्ये जादू होता. पुढच्या सिनेमात तो नाहीच! मग तो पुढचा भाग कसा?” भाची म्हणते, “अरे, तेच तेच किती दाखवणार?”

आता आली का पंचाईत!

आपण नीट बघू या. २००३ च्या ‘कोई... मिल गया’मध्ये परग्रहावरून यान येतं आणि जादू पृथ्वीवरच राहून जातो. त्याची शक्ती चालते सूर्यप्रकाशावर. मनाने लहानच राहिलेल्या रोहितला तो बुद्धी आणि बळ देतो. २००६ च्या ‘क्रिश’मध्ये मात्र यान नाही, पाहुणा नाही. रोहितच्या मुलाकडे, कृष्णाकडे, ती शक्ती जन्मापासूनच आहे. आजी त्याला जगापासून लपवून वाढवते. पुढे तोंडावर मुखवटा येतो. म्हणजे साचा पार बदलला! पण एक प्रश्न तोच राहिला: फुकट मिळालेली शक्ती वापरायची कशासाठी? स्वतःसाठी की दुसऱ्यांसाठी? २०१३ च्या ‘क्रिश ३’मध्ये मारामारी एवढी वाढली, की हा प्रश्न मागे पडला, असं मला वाटतं.

परदेशातही असंच झालं. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ साली सुरू झाली. यानात बसायचं आणि नवनव्या ग्रहांवर जायचं, हा तिचा ठरलेला साचा. १९९३ साली त्याच घराण्यातली ‘डीप स्पेस नाइन’ आली. तिचं घर म्हणजे एक अंतराळस्थानक! प्रवासच नाही तर मजा कसली, असं तुम्हालाही वाटेल. पण गंमत बघा. यानातली माणसं भांडण झालं तर पुढच्या ग्रहाकडे निघून जातात. स्थानकातल्या माणसांना त्याच शेजाऱ्यांबरोबर राहावं लागतं, केलेलं निस्तरावं लागतं. अनोळखी माणसाला समजून घेणं, हा मूळ गाभा उलट जास्तच खुलला. मालिका १९९९ पर्यंत, सात पर्वं चालली.

आपल्या वर्ध्याचा गोरसपाक आठवा. गोल करा नाहीतर चौकोनी, तो गोरसपाकच. पण गाईचं तूप काढून डालडा घाला बरं! डबा तोच राहील, चव जाईल.

हे सगळं ऐकून भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “ताई अकरावीला वर्ध्याला जाणार आहे. मग आपलं घर तेच राहील?”

तेव्हा कुठे मला खरं भांडण कळलं! मी म्हटलं, “काही गोष्टी बदलतील रे. रात्री ताईशी भांडायला मिळणार नाही. पण शनिवारी ती आली, की तुझ्याच ताटातलं पळवेल.” भाचीने लगेच मान डोलावली.

आता तुम्ही एक करा. तुमच्या आवडत्या मालिकेतली एकेक गोष्ट मनातल्या मनात काढून टाका. कुठली काढली की सगळंच बेचव होतं? आईबाबांनाही विचारा. त्यांचं उत्तर वेगळं निघालं, तर रुसू नका हं!